बंद नव्हे, मौनात

९ नोव्हेंबर, रविवार. लॅबला सुट्टी म्हणून गाडी आतून साफ करायला काढली. पायपुसणी झटकली, कप्प्यांतले कागद काढले आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला तर बोटांना काहीतरी गोल, टणक लागलं. बाहेर काढलं तर मोसंबी. वाळून काळी पडलेली. हलवली की आत बिया वाजत होत्या.

नवरा पायरीवर पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "टाक की. का तपासायला नेतेस लॅबवर?"

टाकलीच. पण त्याआधी डॅशबोर्डवर ठेवून पाहिली. गाडी अंगणात, सपाट फरशीवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. मोसंबीने हलायचं कारण नव्हतं आणि ती हलली नाही. तरी मी तिच्यावरची नजर काढली नाही. जालन्यात राहून मला मोसंबीची भीती वाटते, हे कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून लिहून ठेवते.

डॅशबोर्डवर मोसंबी ठेवायची पद्धत सरांची. सर म्हणजे आमच्या गाडी-क्लबचे अध्यक्ष, संस्थापक आणि एकमेव नियम करणारे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, शर्टाच्या खिशाला पेन, पायात काही नाही. गाडी ते अनवाणी चालवत. "पॅडलला पाय कळला पाहिजे," म्हणत. चपला डिकीत असायच्या, त्यामुळे कुठेही उतरले की तसेच चालायला लागायचे आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागून चपला घेऊन जायच्या.

माझी त्यांची पहिली भेट लॅबच्या दारात झाली. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सामान आणायला आठवड्यातून एक-दोनदा छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, पेट्रोलचा खर्च फार व्हायला लागला, म्हणून मी ती पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रीड गाडी घेतली होती. नवीच होती. एक दिवस गाडी लावून आत गेले आणि काचेतून पाहते तर एक अनवाणी म्हातारा गृहस्थ माझ्या गाडीत डोकावतोय. मी बाहेर आले.

"काय पाहिजे?"

"बाई, तुम्ही गाडी बंद केलेली नाही."

"आवाज येतोय का कुठे?"

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला ते आवडलं नाही. मग म्हणाले, "आवाज नाही म्हणजे बंद नाही. तो हिरवा दिवा बघा. ही बंद नाही, मौनात आहे. आत्ता कोणी गिअर टाकला तर इंजिनाचा हूं की चूं न होता निघून जाईल. बॅटरीवर."

बघितलं तर खरंच. या गाड्यांची हीच खोड. उभी असताना, हळू चालताना इंजिन आपोआप बंद होतं, सगळं बॅटरीवर चालतं. माणसाच्या कानाला सवय असते की आवाज थांबला म्हणजे गाडी थांबली. त्या दिवशी मी बटण दाबून ती नीट बंद केली आणि सरांनी मला तिथल्या तिथे क्लबमध्ये घेतलं. मी हो म्हणाले नव्हते.

क्लबमध्ये 'बंद' हा शब्द चालत नसे. शांत उभ्या गाडीला कोणी बंद म्हणालं की त्याने सगळ्यांना मोसंबी सोलून द्यायची. चालवताना डॅशबोर्डवरची मोसंबी खाली पडली तरी तीच शिक्षा, कारण पडली म्हणजे तुम्ही ब्रेक दणकन मारला. सळईचा धंदा करणारे एक शेठ आमच्यात होते, त्यांना ही शिक्षा दर सहलीला व्हायची. ते सोलता सोलता म्हणायचे, "सर, मी भंगारात लोखंड घेतो, त्याला बी इतके नियम नसतात."

"बिलकुल बराबर," सर म्हणायचे.

हे त्यांचं उत्तर सगळ्यालाच असे. एकदा अंबडच्या एका हॉटेलात वेटरने विचारलं, "साहेब, चहा का कॉफी?" सर म्हणाले, "बिलकुल बराबर." आम्ही सगळे हसलो. शेठ वेटरला म्हणाले, "दोन्ही एकाच कपात आण बाबा, सरांची हायब्रीड." सरही हसले, पण आमच्यानंतर. आमची तोंडं बघून.

फोन ते घेत नसत. फोन म्हणजे गोंगाट. जे काय ते लिहून पाठवा. हॉर्न वाजवायला क्लबमध्ये मनाई होती. स्वतःच्या गाडीतला तर त्यांनी प्रत्येक आवाज काढून टाकला होता: पट्टा न लावल्याची टुणटुण, रिव्हर्सची पीप पीप, दार उघडं राहिल्याची किणकिण. कोणत्या मेकॅनिकने हे करून दिलं देव जाणे. "गाडीने माणसाला उपदेश करू नये," असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते मजेशीर वाटायचं. मी त्यातली कुठलीच गोष्ट दुसऱ्या गोष्टीशेजारी ठेवून पाहिली नाही. पाहायला पाहिजे, असं कोणालाच वाटलं नाही.

आणि काकू. त्या कायम पुढे, सरांच्या शेजारी बसत आणि सरांच्या डाव्या मनगटावर त्यांचं एक बोट टेकलेलं असे. जाताना, येताना, सगळा रस्ताभर. शेठ चिडवायचे, "काकू, सोडा की हात. सर पळून न्हाई जात." काकू लाजल्यासारखं करायच्या. बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरखळी मारायच्या, बघा, शिका काहीतरी.

केदारखेड्याच्या सहलीत मला पहिल्यांदा भीती वाटली. गावाबाहेर अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उभा मका. सरांची गाडी सगळ्यांत पुढे, मागे आम्ही. पुढे एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या मधून चालली होती. भाऱ्यामुळे तिला मागचं दिसणं शक्य नव्हतं, आणि ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. सर तिच्या मागे मागे, अगदी वीतभर अंतर ठेवून, गाडी चालवत राहिले. बाईने कशाने तरी मान वळवली आणि गाडीचं तोंड आपल्या कमरेला लागलेलं पाहून किंचाळली. भारा पडला, ती रस्त्याच्या कडेला चिखलात बसली.

आम्ही सगळे उतरलो. तिला श्वास घेता येत नव्हता. मी नाडी बघितली, पाणी दिलं. तिचा नवरा शेतातून धावत आला.

"भुतावानी येऊन राह्यले तुम्ही! आवाज तं करा! पोंगा न्हाई का गाडीला?"

सर खुशीत होते. आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? इतक्या जवळ जाऊनही तिला कळलं नाही. याला म्हणतात मौन."

शेठ हसले नाहीत. त्या बाईचं मनगट अजून माझ्या हातात होतं आणि माझ्या डोक्यात आलं की हा माणूस निर्दय नाही. मग हा असा का बोलतोय? पण मी ते तिथेच सोडलं. घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

शहागडची सहल गणपती उठल्यानंतरची. पाऊस चांगला झाला होता, धरणातून पाणी सोडलेलं होतं, गोदावरी भरून चालली होती. सरांनी लिहून पाठवलं: 'नदी बघायला जाऊ. मौनात.' सकाळी सगळ्या गाड्या मोतीबागेजवळ जमल्या. काकूंचा पाय प्लास्टरमध्ये होता. न्हाणीत घसरल्या होत्या.

"मी मागे आडवी बसते," त्या मला म्हणाल्या, "पाय लांब ठेवायला सांगितलाय. तुम्ही पुढे बसाल का आमच्या गाडीत?"

"तुम्ही घरीच का नाही राहिलात?"

"हे एकटे आले असते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ह्यांच्या मनगटाला बोट लावून ठेवायचं. मागून हॉर्न आला की एकदा दाबायचं. कोणी डावीकडून घुसत असेल तर दोनदा."

"काकू, मी माझ्या नवऱ्याच्या मनगटाला कधी बोट लावलं नाही."

"त्यांना हॉर्नचा त्रास होतो हो. आधी कळलं की दचकत नाहीत."

मला ते म्हातारचळ वाटलं. पण बाई प्लास्टर घालून विनवत होती. माझी गाडी नवऱ्याच्या ताब्यात दिली आणि मी सरांशेजारी बसले. डॅशबोर्डवर नवी, पिवळीधमक मोसंबी होती. मी बोट लावलं. सरांनी वळूनही पाहिलं नाही, इतकी त्या मनगटाला सवय होती.

अंबडपर्यंत रस्ता बरा गेला. सर बोलत होते: ढग, टेकडीवरचं देऊळ, बॅटरी कशी भरते. मी मधूनमधून काही म्हणाले तर "बिलकुल बराबर." वडीगोद्रीला मोठा हायवे लागला. तिथून शहागडपर्यंत ट्रकच ट्रक. सरांनी लेन बदलली आणि आपल्या संथ चालीने मधून चालायला लागले.

माझं लक्ष बाहेर होतं. मागून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक, भोंग्यासारखा. मी दचकले. सर दचकले नाहीत. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. ते उसाच्या भावाबद्दल बोलत होते आणि त्याच वेळी गाडी हळूहळू उजवीकडे, ट्रकच्या वाटेत सरकवत होते. हॉर्न पुन्हा आला, आता अगदी कानाशी.

"दाबा!" काकू मागून ओरडल्या. "अहो दाबा!"

मी दाबलं. सरांनी ताबडतोब गाडी डावीकडे घेतली. ट्रक इतका जवळून गेला की काच थरथरली आणि मोसंबी गोल फिरली. सर ट्रककडे बघून म्हणाले, "काय माणसं असतात. हॉर्न तरी द्यावा."

मी त्यांच्याकडे वळले. "सर, गाडी बाजूला घ्या," असं म्हणणार, तेवढ्यात काकूंचा हात मागून माझ्या खांद्यावर आला.

"त्यांच्याकडे तोंड करून बोलू नका. ओठ वाचायला बघतील तुमच्याकडे. रस्ता सुटेल."

मी समोर बघत बसले. बोट मनगटावर. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे मोटारसायकली उलट्या दिशेने येत होत्या. ज्या माणसाच्या हातात स्टिअरिंग होतं, त्याला मी थांब म्हणू शकत नव्हते. तीस वर्षं रक्त काढतेय, सुई बघून भोवळ आलेली माणसं रोज सावरते. त्या रस्त्यावर मला सावरणारं कोणी नव्हतं.

"काहीच ऐकू येत नाही?" मी समोर बघत विचारलं. हळू विचारलं, मग लक्षात आलं की हळू बोलायची गरज नाही. ज्याच्याबद्दल बोलत होतो तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"जवळून, मोठ्याने बोललं की थोडं. गाडीत काही नाही."

"डॉक्टर?"

"मशीन लावा म्हणाले. मशीन दिसलं की लोक गाडी चालवू देणार नाहीत, म्हणून लावत नाहीत."

"बरोबरच करतील लोक."

"शेतातला पंप चालू आहे का बघायला आता पाइपला हात लावतात," काकू म्हणाल्या. "टीव्ही लावत नाहीत. म्हणतात, शांतता बरी."

सर म्हणाले, "डावीकडे बघा, बाई. काय हिरवंगार झालंय!"

मी मान हलवली. मागून कोणीतरी हॉर्न दिला, मी दाबलं, त्यांनी जागा दिली. गाडीत आरसा बसवावा तशी मी त्या माणसात बसवलेली एक वस्तू झाले होते.

"काकू, किल्ली लपवून ठेवा."

"ठेवली होती." काकू म्हणाल्या. "जेवले नाहीत. बोललेही नाहीत. ऐकू न येणारा माणूस बोलायचाही थांबला तर घरात मी कोणाबरोबर राहायचं, सांगा. शेवटी मीच आणून दिली."

"आणि मी बोट दाबायला विसरले असते तर?"

"एकदा विसरलातच की," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "उद्या मला संभाजीनगरला न्यायचंय त्यांना, प्लास्टर दाखवायला. मी मागेच बसणार. बोट कोण लावणार हेच मी काल रात्रीपासून बघतेय."

शहागड आलं तेव्हा माझ्या बोटाला मुंग्या आल्या होत्या.

गावाच्या अलीकडे नदीकडे उतरणारी मातीची वाट आहे. बाकीच्यांनी गाड्या वर, चहाच्या टपरीपाशी लावल्या. सर मात्र सरळ उतारावरून खाली गेले, पाण्याच्या अगदी जवळ. काकूंना गाडीतूनच नदी दिसावी म्हणून. गाडीचं तोंड पाण्याकडे. पाणी गढूळ, वेगाने चाललेलं, झाडांच्या फांद्या वाहून नेणारं. सरांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि अनवाणी चिखलातून पुढे जाऊन, पाठीमागे हात बांधून, पाणी बघत उभे राहिले. दार उघडल्याची किणकिण झाली नाही. ती तर काढून टाकलेली होती.

मी उतरले आणि वर गेले. नवऱ्याला म्हणाले, "परत जाताना सर गाडी चालवणार नाहीत. का ते विचारू नकोस." तो बरं म्हणाला.

टपरीवाल्या बाईकडून काकूंसाठी चहा घेतला आणि उतारावरून खाली आले. डावीकडचं पुढचं दार उघडून आत वाकले. काकू मागच्या सीटवर, प्लास्टरचा पाय लांब करून, उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चहासाठी हात पुढे केला.

मोसंबी उतारामुळे काचेला टेकून बसलेली होती. ती हलली. काचेच्या कडेकडेने माझ्या बाजूला घरंगळायला लागली, अगदी सावकाश, कोणी बोटाने ढकलावी तशी.

मला वाटलं मला चक्कर आली. मग पाहिलं तर मी दाराबरोबर चालत होते. दार पुढे चाललं होतं. काहीही आवाज नव्हता. इंजिन नाही, घरघर नाही, फक्त चिखलात टायर दबल्याचा चप् चप् असा बारीक आवाज. पॅनेलवर तो हिरवा दिवा आणि गिअरच्या खुणेत डी, म्हणजे पुढे चालायचा गिअर. सरांनी गाडी थांबवली होती, बंद केली नव्हती. गिअर तसाच, हँडब्रेक अर्धवट, आणि उतार. आवाज नव्हता म्हणून कोणाला शंका आली नाही, आणि ज्याला गाडीतला फरक सगळ्यांत चांगला कळायचा, त्याला तो आता फक्त डोळ्यांनी कळत होता. त्याची पाठ गाडीकडे होती.

गाडी आणि पाण्याच्या मध्ये सर उभे होते.

"सर!" मी ओरडले. वरून शेठ ओरडले, "सर! बाजूला व्हा!" नवरा ओरडत उतारावरून पळत सुटला. सगळा क्लब ओरडत होता. सरांनी पाठीमागचे हात सोडले, एका हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा हात बांधून पाणी बघत राहिले.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही तळवे पुढच्या सीटच्या पाठीवर दाबून धरले होते, जणू त्यानेच गाडी थांबणार होती.

चहाचा ग्लास कुठे टाकला आठवत नाही. गुडघा सीटवर टेकवला, आडवी झाले आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक वर खेचला. गाडी चिखलात अजून थोडी घसरली. मी दात ओठ खात खेचत राहिले. थांबली. मग गिअरचा दांडा पार्किंगच्या पी वर टाकला, बटण दाबलं, हिरवा दिवा गेला. मोसंबी डॅशबोर्डवरून पडून माझ्या मांडीशी आली होती. मान वर केली तर काचेत समोर सरांची पाठ, शर्टावरच्या सुरकुत्या मोजता येतील इतकी जवळ, आणि त्यांच्या पलीकडे नुसतं पाणी.

वरचं ओरडणं एकदम थांबलं होतं. एकेकाच्या लक्षात येत गेलं असावं. त्या शांततेत टपरीवाली बाई स्वच्छ म्हणाली, "म्हाताऱ्याला ऐकू न्हाई येत का काय? सगळी बोंबलून राह्यली तं!"



नवऱ्याने जाऊन सरांच्या खांद्याला धरलं तेव्हा ते वळले. गुडघ्याशी गाडीचा बंपर पाहिला. मला आडवी पडलेली पाहिली. मागच्या सीटवर काकूंचा चेहरा पाहिला.

शेठ धापा टाकत खाली आले आणि घाईत बोलून गेले, "सर, गाडी बंद न्हाई केल्ती का तुम्ही?"

'बंद' म्हणाल्याबद्दल त्या दिवशी कोणी शेठना मोसंबी सोलायला लावली नाही. सर त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांना शब्द कळला होता. ते म्हणाले, "बिलकुल बराबर," आणि चिखलात खाली बसले.

परतताना शेठ म्हणाले, "आज सरांच्या गाडीवर मला हात चालवून बघू द्या," आणि किल्ली घेतली. सर मागे काकूंच्या पायाशी बसले. संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर नदीचे फोटो आले, भज्यांचे आले, फुलं आणि हात जोडलेले आले. 'सुंदर सहल', 'सरांचे आभार'. शेठनी सरांना घरी सोडून किल्ली त्यांच्याच हातात दिली, असंही त्यातच कळलं.

मी शेठना फोन लावला.

"किल्ली परत का दिली?"

"बाई, त्यांची गाडी, त्यांची किल्ली. मी कसा ठेवणार? मोठा माणूस आहे. माझ्या पोराला शिकवलंय त्यांनी."

"उद्या ते काकूंना घेऊन संभाजीनगरला निघणार आहेत. हायवेने."

शेठ म्हणाले, "काकू सांभाळतात की त्यांना. आजवर सांभाळलंच ना? आपण कशाला तोंड उघडायचं?"

माझ्या लक्षात आलं की उद्या सकाळपर्यंत सगळेच गप्प बसणार आहेत. आदराने बसतील, प्रेमाने बसतील, पण बसतील. मला झोप लागली नाही. डोळे मिटले की मोसंबी काचेच्या कडेने चालायला लागायची आणि मी हाक मारायला तोंड उघडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आवरलं. नवऱ्याला म्हणाले, "काकूंना संभाजीनगरला तू नेणार आहेस. डबा करून ठेवलाय." आणि चालत सरांच्या घरी गेले.

फाटक उघडं होतं. सर अनवाणी, पाठमोरे, पाइपने गाडी धूत होते. चाकांचा चिखल काढत होते. डॅशबोर्डवर ताजी मोसंबी ठेवलेली काचेतून दिसत होती. किल्ली बोनेटवर, फडक्याशेजारी. दारात काकू वॉकर धरून, बाहेर जायचं पातळ नेसून, तयार उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"सर," मी फाटकातून हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्याने. शेजारच्या गच्चीवरची बाई वळली. सर वळले नाहीत.

मी जवळ गेले आणि त्यांच्या डाव्या मनगटाला बोट लावून एकदा दाबलं.

त्यांनी मागे पाहिलं नाही. पाइप खाली घेतला आणि मागून येणाऱ्याला जाऊ द्यावं तसे एक पाऊल डावीकडे सरकले.

मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "किल्ली द्या, सर," असं सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाले. त्यांना कळलं. तरी कळलं नाही असं दाखवण्यापुरते ते थांबले. मी वाक्य पुन्हा म्हटलं नाही. हात पुढे करून उभी राहिले. पाइपचं पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं.

सरांनी जाऊन नळ फिरवून पाणी थांबवलं. फडक्याने हात कोरडे केले, मग किल्ली पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"बंद," ते म्हणाले.

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि लॅब उघडायला गेले. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाहेर बाकावर ताटकळत बसली होती.